एकसष्ट बटणं

नवं सॉफ्टवेअर येणार म्हटल्यावर सांगलीच्या त्या लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये सगळे खूश झाले, आणि चिंतामण आठल्येच्या तोंडचं पाणी पळालं. मालक उदयसिंह पाटील सांगत होता की छपाईचं नवं मशीन जुन्या फायली नीट घेत नाही, साताऱ्याची शाखाही आता सुरू होतेय, तेव्हा सोमवारपासून दोन्हीकडे एकच सॉफ्टवेअर. चिंतामण मान डोलवत राहिला. मानेला काय, ती कशालाही डोलते.

चिंतामणला नीट दिसत नव्हतं, हे त्यानं प्रेसमध्ये कुणालाच कळू दिलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी डोळ्यात दिवा मारून सांगितलं होतं की पडदा मधोमध खराब होतोय. कडेचं दिसत राहील, समोरचं हळूहळू जाईल. माणसाकडे पाहावं तर त्याचे कान दिसायचे, तोंड नाही. सरळ ओढलेली रेघ वाकडी दिसायची, आणि पोट तर सरळ रेघांवरच चाललेलं. त्यानं बायकोलाही खरं सांगितलं नव्हतं, चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच म्हणाला होता. चोपन्नाव्या वर्षी, न दिसणारा डिझायनर कोण कामावर ठेवणार होतं?

आठ महिने निभावून नेले ते बोटांनी. तेवीस वर्षं एकच सॉफ्टवेअर वापरलेलं. ओळ पानाच्या मधोमध आणायची तर पी, पूर्ण पान पाहायचं तर एफ फोर; स्क्रीनच्या कडेची ती बारीक चित्रं त्यानं कित्येक वर्षांत पाहिलीच नव्हती. गिऱ्हाईक मजकुराचा कागद घेऊन आलं की हा म्हणायचा, तुम्ही सांगा, मी टाइप करतो, मानाची नावं आहेत, चुकायला नकोत. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय काळजी घेतो माणूस!

अवघड होतं ते शेवटचं वाचन. उदयसिंहच्या वडिलांपासून प्रेसची रीत होती की छापायच्या आधी डिझायनरनं पत्रिका घरच्या वडीलधाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि त्यांनी होकार दिला की मगच छपाई. चिंतामण ती वाचत नसे, पाठ म्हणत असे. नुकतीच टाइप केलेली, सगळी डोक्यात असायची. नजर स्क्रीनवर ठेवायची, मध्येच चष्मा सारखा करायचा, की भागलं.

नव्या सॉफ्टवेअरनं पहिल्याच दिवशी त्याला इंगा दाखवला. पत्रिका झाल्यावर, छापताना अक्षरं बदलू नयेत म्हणून ती पक्की करायला त्याच्या बोटांनी आपसूक कंट्रोल क्यू दाबलं. नव्यात त्या बटणांनी सॉफ्टवेअरच बंद होतं, हे बोटांना कुठलं ठाऊक? मधोमध एक चौकट आली. तिच्यात काहीतरी विचारलं होतं, पण चिंतामणला तो नुसता करडा डाग. त्यानं घाबरून दोन-तीन बटणं ठोकली आणि समोरचा उजेड गेला. दीड तासाचं काम गेलं. आज चौकट, उद्या उदयसिंह मागे उभा असेल, परवा घरी बसायचं, असं सगळं त्याला लख्ख दिसलं. तेवढं दिसायला डोळे लागत नाहीत.

शेजारच्या टेबलावर अंकिता बसायची. तासगावकडची, दोन वर्षांपूर्वी कामाला लागलेली, कमी बोलणारी. तिनं खुर्ची ओढली आणि सांगितलं, "काका, बटणं बदलता येत्यात. तुमची जुनी जशी व्हती, तशीच लावून घेऊ."

मग रोज जेवणाच्या सुट्टीत दोघं बसू लागली. चिंतामण आठवून सांगायचा, ती यादीतून शोधून लावायची. चष्मा आजही घरी राहिला, असं तो रोज म्हणायचा. रोज कसा राहतो, हे तिनं विचारलं नाही. पण ती जरा थांबली तरी हा घाईनं पुढचं बटण सांगून टाकायचा. गुरुवारी साठ बटणं झाली. तिनं तीच मांडणी साताऱ्यालाही पाठवली, कारण रविवारी शाखा उघडायची होती आणि पहिली पत्रिका काकांच्या हातची व्हावी असं मालकानं ठरवलं होतं. शनिवारी चिंतामणला एकसष्टावं आठवलं. कंट्रोल डी. त्यानं ओळीची हुबेहूब दुसरी ओळ खाली तयार व्हायची, मग तिच्यावर नवं नाव लिहायचं. अंकितानं तेही लावून दिलं. साताऱ्याच्या कॉम्प्युटरवर मात्र साठच गेली होती, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी साताऱ्याच्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक आलं ते पाटणकडचं. नाथाजी, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, बरोबर त्यांच्या पत्नी चंद्राबाई. नातीचं लग्न होतं. भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता, चिंतामणच्या स्क्रीनवरचं सगळं त्याच्यात दिसे. उदयसिंहनं चहा मागवला आणि कौतुकानं सांगितलं की आमच्या काकांचं काम बघत बसा, माउसला हात लावत नाहीत.

चिंतामणनं भीत भीत पी दाबलं. ओळ मध्ये आल्यासारखी वाटली. एफ फोर चाललं. हळूहळू बोटं सैल पडली आणि नेहमीसारखी पळू लागली. सुभेदार सांगत गेले, तो टाइप करत गेला. शेवटी निमंत्रक म्हणून आधी नाथाजींचं नाव, वेलबुट्टीसकट. मग कंट्रोल डी, आणि खालच्या ओळीवर चंद्राबाईंचं.

तोवर चहा आला. उदयसिंह म्हणाला, वाचा काका. चिंतामणनं चष्मा सारखा केला आणि गणपतीच्या नावापासून खणखणीत आवाजात सुरुवात केली. वार, तिथी, मुहूर्त, वधू, वर. शेवटी जरा सावकाश, मान राखून, "निमंत्रक, सुभेदार नाथाजी आणि सौ. चंद्राबाई."

कुणी होकार दिला नाही.

"आवं, माझं नाव कुटं हाय?" नाथाजी टीव्हीकडे बघत म्हणाले. "हिचं एकटीचंच दिसतंय."

एकसष्टावं बटण साताऱ्याला आलंच नव्हतं, हे चिंतामणला आत्ता उमगलं. दुसरी ओळ झालीच नव्हती. चंद्राबाईंचं नाव नाथाजींच्या नावावरच लिहिलं गेलं होतं, आणि जे नाव स्क्रीनवर नाही ते त्यानं वाचून दाखवलं होतं.

सुभेदार उठून जवळ आले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुमास्नी दिसतंय नव्हं?"

"नाही," चिंतामण म्हणाला.

उदयसिंहचं तोंड त्याला दिसत नव्हतं, नुसते कान आणि खांदे. त्या खांद्यांवरून काहीच कळेना. "कवापासनं?" असा मालकाचा प्रश्न आला. आठ महिने, असं त्यानं सांगितलं.

"काका, मग आठ म्हयन्यात पत्रिका छापल्या, त्या वाचल्या कुणी?"

"एकही परत आली नाही," चिंतामण घाईघाईनं म्हणाला. "बोटं चुकत नाहीत माझी. हे आजच झालं."

उदयसिंहनं फोन काढला, अंकिताला लावला, आवाज मोठा ठेवला आणि तोच प्रश्न विचारला.

"मी वाचत व्हते, दादा," ती म्हणाली. "काकांनी छपाईला सोडली की आधी मी उघडायची."

"चुका सापडल्या?"

"अकरा." मग तिनं तेही सांगून टाकलं, "एकीत नवरीचंच नाव न्हवतं."

चिंतामणनं कीबोर्डवरून हात काढून मांडीवर घेतले. आठ महिने तो लोकांना भीत होता. कुणाला कळेल का, कोण मागे उभं राहील. ज्यांच्या भरवशावर होता, त्या बोटांची भीती त्याला एकदाही वाटली नव्हती. ती आता वाटली. त्यानं खुर्ची मागे सरकवली आणि सुभेदारांना म्हणाला, "उद्या सांगलीहून आमची अंकिता येईल. तिच्याकडून करून घ्या."