शेवटच्या आकड्यातलं उणे

चष्म्याच्या कारखान्यातून फोन आला तेव्हा ताई गुडघा शेकत बसल्या होत्या. तिथला जुना संगणक त्यांनी नोकरीभर सांभाळला होता. त्या निवृत्त झाल्या आणि पाठोपाठ तोही बाद झाला.

"आता नाही म्हण ना आई," लेक म्हणाली. "सारखं काय तुझ्यावाचून अडतं त्यांचं?"

ताईंनी चपला चढवल्या. नाही म्हणून वाद घालत बसण्यापेक्षा जाऊन येणं सोपं होतं.

मालकांच्या केबिनमध्ये एक बस ड्रायव्हर डोळे चोळत बसला होता. जुना चष्मा फुटला म्हणून त्याने इथूनच त्याच नंबरचा नवा करून घेतला होता. घातला तर समोरची भिंतसुद्धा धड दिसेना.

"डोळेच गेले वाटलं," तो म्हणाला. "आगारात सांगून मोकळा झालो, गाडी झेपायची नाही म्हणून. बायकोला अजून बोललो नाही."

ताईंनी काचेवरून बोट फिरवलं. काच मधे जाड लागली. ड्रायव्हरचा नंबर मायनस होता, आणि मायनस नंबरची काच कडेला जाड असते. म्हणजे नंबर उलटा झाला होता.

नवा संगणक बसवणारा इंजिनिअर आतल्या खोलीत कपाळाला हात लावून बसला होता. "रेकॉर्डला पावणेतीनच आहे, ताई. मी तीनदा पाहिलं."

"जुनी फाइल दाखव."

फाइलमध्ये ०२७ आणि पुढे इंग्रजी 'एन' होता.

"हे अक्षर मी कचरा समजून सोडलं नाही," तो म्हणाला. "त्यातून पाच काढला. ०२७५, म्हणजे पावणेतीन."

"पाच बरोबर आहे. पण तो उणे पाच आहे. जुन्या यंत्रात उण्याला वेगळी जागा नसायची, म्हणून ते शेवटच्या आकड्यातच कोंबायचे. उणे एकचा 'जे', दोनचा 'के', असं मोजत पाचचा 'एन'. पडद्यावर मात्र साधं पावणेतीन आणि मागे उण्याची रेघ दिसायची. आतलं अक्षर कोण कशाला बघतंय?"

इंजिनिअर दुरुस्तीला लागला. प्लस नंबरवाल्यांचे चष्मे ठीक निघत होते, त्यामुळे इतके दिवस कुणाला शंकाच आली नव्हती.

मालक हळूच म्हणाले, "जो तक्रार घेऊन येईल त्याला बदलून देऊ. बोभाटा नको."

"हे आले म्हणून कळलं," ताई म्हणाल्या. "जे आले नाहीत ते घरात चाचपडत असतील. मला फोन द्या इकडे."

दुपारभर त्या मायनस नंबरवाल्या एकेका गिऱ्हाइकाला तेच सांगत राहिल्या: तुमचे डोळे ठीक आहेत, चूक आमची आहे. कुणी शिव्या दिल्या, कुणी नुसतंच हुश्श केलं. एका शिक्षिकेने तर शाळेला रजा टाकली होती. ती बाई फोनवरच रडायला लागली. ताई ऐकत राहिल्या. घसा बसला, गुडघा ठणकू लागला.

संध्याकाळी ड्रायव्हरचा चष्मा तयार झाला. तो घालून खिडकीशी गेला, समोरच्या दुकानाची पाटी वाचली, मग पाटीखालची बारीक अक्षरंही. बाहेर जाऊन त्याने बायकोला फोन लावला.

मालकांनी ताईंना चहा दिला. "आठवड्यातून दोनदा येत जाल का?"

"बघते," ताई म्हणाल्या. घरी लेकीला काय सांगायचं, याचा विचार करायचंही त्यांच्या जिवावर आलं होतं.