नव्या कार्पेटखाली काय होतं

बाळांनो, थोडा वेळ डोळे मिटा पाहू. डोळ्यांना आज सुट्टी, काम आहे ते नाकाला. अशी कल्पना करा, की दप्तराच्या तळाशी तुम्ही एक केळं विसरलात. सुट्टी लागली, दप्तर कपाटात गेलं, आणि महिन्याभराने तुम्ही ते उघडलंत. आला वास? आता त्यात एक ओला मोजा टाका. न वाळलेला, बोळा होऊन पडलेला. आणि हे सगळं झाकायला वरून कुणीतरी लिंबाच्या वासाचं अत्तर ओतलं आहे. त्या वासात तुम्हाला रोज अर्धा तास बसायचं आहे, आणि बाहेर थंडी म्हणून खिडक्या बंद.

नकटी रोज अशीच शाळेत जायची.

तिचं नाक एवढंसं, म्हणून घरात सगळे तिला नकटी म्हणायचे. पण त्या एवढ्याशा नाकाला जे कळायचं ते घरात दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. गाडीत बसलं की ती म्हणायची, "बाबा, काहीतरी मेलंय."

"काही मेलेलं नाही. जुनी गाडी आहे, जुन्या गाडीला वास यायचाच," बाबा म्हणायचे, आणि आरशाला टांगलेली ती लिंबाची कुपी जरा हलवायचे. मग तर नकटीच्या पोटातलं वर यायचं.

गाडी एकोणीस वर्षांची होती, म्हणजे नकटीपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. ती चालत होती ती आईमुळे. आई शिलाई मशीन दुरुस्त करायची. लोकांच्या घरी जायची, मशीन उघडायची, दातांत स्क्रू धरून आत डोकं घालायची, आणि तासाभराने ते मशीन पुन्हा टकटक करायला लागायचं. गाडीलाही ती तसंच वागवायची. पट्टा बदल, वायपर बदल, दाराच्या बिजागरीत तेल सोड. बाबांच्या ऑफिसात लोक विचारायचे, "काय हो, ही संग्रहालयातून आणली का?" बाबा हसायचे, पण घरी येऊन ते हसणं आईवर काढायचे.

एके दिवशी शाळेसमोर उतरताना नकटीने पायावर जोर दिला आणि तिचा पाय आत गेला. एखाद्या नासक्या फळावर पाय पडावा, तसा. बाबांनी कार्पेटचं टोक उचललं. खाली करडी बुरशी होती, केसाळ. बुरशीखाली काळा ओला फोम, आणि त्यात पांढऱ्या बारीक अळ्या वळवळत होत्या. फोमखालचा पत्रा बिस्किटासारखा झाला होता. त्यातल्या भोकातून नकटीला रस्ता दिसला, त्यावर पडलेलं कुणाचं तरी तिकीटसुद्धा. ती तिथेच, शाळेच्या फाटकाशी, ओकली.

आता हे झालं कसं? ते सांगतो. गाडीच्या पुढच्या काचेखाली एक जाळी असते. काचेवरून ओघळलेलं पाणी त्या जाळीतून आत जातं आणि दोन बाजूंच्या भोकांतून खाली रस्त्यावर पडतं. उद्या एखादी गाडी दिसली तर वाकून बघा. दोन वर्षांपूर्वी या गाडीत तिथून खडखड आवाज यायला लागला होता. शिलाई मशीन खडखडायला लागलं की आई त्यात लोकरीच्या जाड चकत्या बसवायची. चकती आवाज खाते, तेल धरून ठेवते, मशीन शांत होतं. आईने जाळी उघडली, हाताला लागलेल्या दोन फटींत चकत्या गच्च बसवल्या, आणि आवाज बंद झाला. आई खूश झाली. पण त्या फटी नव्हत्या, पाणी जायची भोकं होती. बाहेर पडायचं पाणी मग आत शिरायला लागलं. पुढून शिरायचं, कार्पेटखालून उताराने मागे यायचं, आणि नकटीच्या पायांखाली साचायचं. दोन वर्षं.

गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण तो इंजिनाला कान लावून आजार सांगायचा. त्याने पक्कडीने त्या चकत्या बाहेर ओढल्या. काळ्या, बुळबुळीत, मेलेल्या उंदराएवढ्या. त्याने त्या फडक्यावर ठेवल्या आणि मान बाजूला केली.

"हे कुणी कोंबलं?"

"मी," आई म्हणाली. "आवाज येत होता."

"गेला का आवाज?"

"गेला."

"जाणारच. नाकात बोळा घातल्यावर घोरणंही बंद होतं." मग आईचा चेहरा बघून तो जरा नरमला. "वहिनी, इंजिन ठणठणीत आहे. तुमच्या मुलीला कॉलेजात सोडून येईल हे इंजिन. पण खालचा पत्रा कापून नवा जोडावा लागेल. सीटा काढायच्या, फोम फेकायचा, दहा-बारा दिवसांचं काम. तोवर मागे कुणाला बसवू नका. आणि अशीच्या अशी कुणाच्या गळ्यातही मारू नका."

घरी दोन दिवस भांडण चाललं.

"एकोणीस वर्षं!" बाबा म्हणाले. "एकोणीस वर्षांत पोरंसुद्धा घर सोडून जातात. ही काही जात नाही."

"इंजिन चांगलं आहे म्हणाला ना तो? पत्रा बदलला की झालं."

"आज पत्रा, उद्या दुसरं काही. नवी घेऊ. निदान नाक तरी मोकळं राहील."

"आणि नवी काय, जुनी व्हायचीच नाही?"

"झाली तर तेव्हा बघू. ती तरी तू दुरुस्त करू नकोस म्हणजे झालं!"

नकटीला वाटलं, आता आई उसळून काहीतरी बोलेल. पण ती उठली आणि भांडी घासायला गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी कप विसळता विसळता तिने एवढंच म्हटलं, "विका." का, ते तिला कुणीच विचारलं नाही.

आणि मग मामा आला. मामा जुन्या गाड्या विकायचा. त्याचं बोलणं असं, की गाडी न घेता परत गेलो तर आपणच करंटे, असं माणसाला वाटावं. त्याने भोकाकडे बघितलं, वास घेतला, आणि म्हणाला, "हात्तिच्या! एवढंच?"

त्याने प्लायवूडचा एक तुकडा कापून भोकावर ठेवला. वर करडं नवं कार्पेट पसरून कडांना गोंद लावला.

"आणि तो फोम?" नकटीने विचारलं.

"तो काढायचा तर सीटा काढायला हव्यात. कोण करत बसणार? राहू दे की तिथेच. तो काय तुझ्याकडे जेवायला मागतोय?"

बाबा हसले. मामाने एका वाडग्यात कॉफीची पूड घालून तो वाडगा दोन दिवस गाडीत ठेवला, मग वरून अत्तर मारलं. आता गाडीत कॉफी, अत्तर आणि तो जुना वास, असे तिन्ही एकत्र यायचे. तोंड धुतलेल्या माणसाने दात मात्र घासलेले नसावेत, तसं.

रविवारी दुपारी गिऱ्हाईक आलं. पावाच्या भट्टीवर काम करणारा एक तरुण माणूस, हातांवर भाजल्याचे जुने डाग, सोबत बायको, आणि तिच्या कडेवर सात-आठ महिन्यांची मुलगी. मामाने नकटीला आधीच मागच्या सीटवर बसवून ठेवलं होतं. "तू फक्त बस आणि छान हस. बाकीचं मी बोलतो."

"या, या!" बाबा पुढे झाले. त्यांचा हा आवाज नकटीने कधी ऐकला नव्हता. पाकात बुडवून काढल्यासारखा आवाज. "घरच्यासारखी वापरलीय हो गाडी. जीव होता तिच्यात आमचा, पण आता ऑफिसकडून दुसरी मिळतेय."

ऑफिसकडून काहीही मिळणार नव्हतं. नकटी बाबांच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"कॉफीचा वास येतोय का?" बायकोने विचारलं.

"आमच्या ताईला कॉफीचा फार नाद," मामा म्हणाला. "गाडीतसुद्धा थर्मास घेऊन बसते!"

आई कधी कॉफी पीत नसे. ती पायरीवर उभी होती आणि अंगठ्याच्या नखातलं काळं तेल दुसऱ्या नखाने काढत होती.

"मला वासाचं काही विचारू नका," भट्टीवाला म्हणाला. "रात्रंदिवस भट्टीपुढे असतो, नाक कधीच गेलंय." मग त्याने मागचं दार उघडलं आणि बायकोला दाखवलं. "ही बघ, बाळाची सीट इथे बसेल. मोठी झाली की इथे खाली उभी राहील, खेळेल. जागा आहे चांगली."

बाळाने हात लांब करून नकटीची वेणी पकडली. बाळाच्या तोंडाला दुधाचा वास होता. एवढ्या घाणीत नकटीला तेवढा एकच वास बरा वाटला.

"विचारा हवं तर आमच्या भाचीला," मामा म्हणाला. "रोज याच सीटवर बसून शाळेत जाते. पोरं काही खोटं बोलत नाहीत."

भट्टीवाला वाकला. "काय गं? बरी आहे ना गाडी?"

नकटीने आईकडे बघितलं. आईने बघितलं नाही. नकटीने मान हलवली.

"छान आहे," ती म्हणाली.

"बघा!" मामा म्हणाला.

तास-दीड तासात पैसे आणि कागद घेऊन येतो, असं सांगून ते दोघं गेले. बाबांनी नकटीच्या पाठीवर थाप मारली. मामा म्हणाला, "पोरगी तयार आहे हो! मोठी झाली की माझ्याकडेच पाठवा," आणि त्याने तिच्या हातात एक मोठं चॉकलेट ठेवलं. आतापर्यंत नकटीला गाडीची किळस येत होती, बाबांच्या आवाजाची येत होती, मामाच्या दातांची येत होती. आता तिला स्वतःच्या तोंडाची यायला लागली. ते 'छान आहे' जिभेवर चिकटून बसलं होतं. तिने चूळ भरली. पुन्हा भरली. चॉकलेट मोरीच्या कट्ट्यावर तसंच राहिलं.

आई स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. पुसलेलाच ओटा.

"आई, ते बाळ तिथेच बसणार."

"माहीत आहे."

"त्याचा पाय आत जाईल. माझा गेला तसा."

"मामाने फळी टाकलीय ना?"

"फळी नुसती ठेवलीय. तू कुणाच्या मशीनमध्ये अशी नुसती फळी ठेवशील?"

आईचा हात थांबला. "नकटे, जा इथून."

"डॉक्टरकाका करून देतो म्हणाले होते. बारा दिवसांत. तुलाच तर ठेवायची होती ना गाडी?"

"नाही ठेवायची मला!" आई एकदम वळली. "मी बसवल्या त्या चकत्या. या हातांनी. दोन वर्षं मी तुला त्या घाणीवर बसवून शाळेत पाठवलं आणि मला कळलं नाही. मी म्हणे दुरुस्तीवाली! ती गाडी दारात दिसली की मला मळमळतं. जाऊ दे ती एकदाची. कुठेही जाऊ दे."

तेव्हा नकटीला कळलं, की आईला नवी गाडी नको होती, जुनीही नको होती. आपली चूक दारातून हलावी, दिसू नये, एवढंच तिला हवं होतं. आणि ती चूक आता त्या बाळाच्या पायांखाली जाणार होती. नकटीला आईची दया आली. पण दयेच्या आधी किळस आली, ही गोष्ट तिने पुढे कधीच कुणाला सांगितली नाही.

बाहेरच्या खोलीत बाबा आणि मामा नव्या गाडीचा रंग ठरवत होते. भट्टीवाला यायला अजून थोडा वेळ होता.

नकटी बाहेर गेली. तिने गाडीची चारही दारं उघडली. मागे शिरून नव्या कार्पेटची कड दोन्ही मुठींत धरली आणि ओढली. ओल्यावर गोंद कधी धरतो का? कार्पेट सालीसारखं निघून आलं. तिने प्लायवूड उचलून बाहेर फेकलं. मग श्वास रोखून त्या काळ्या फोममध्ये कोपरापर्यंत हात घातले. फोम लगदा होऊन तुटत होता, मनगटावरून थंड पाणी ओघळत होतं, अळ्या बोटांत येत होत्या. दोनदा तिला उमासा आला, दोनदा तिने तो गिळला. सीटखालचा भाग निघेना, तो तिने सोडून दिला. हाताला आलं ते ओंजळी-ओंजळीने बाहेर आणलं आणि गाडीच्या चकचकीत पुसलेल्या बॉनेटवर, भर उन्हात, सगळ्या गल्लीला दिसेल असं पसरलं.

"अगं ए! वेडी झालीस का?" मामा खिडकीतून ओरडला. बाबांच्या चपलांचा आवाज जिन्यावर आला. स्वयंपाकघराच्या खिडकीत आई होती. तिने हाक मारली नाही.

नकटी थांबली नाही. फाटक उघडून ती गल्लीच्या तोंडाशी गेली आणि भट्टीवाला ज्या बाजूने येणार होता त्या बाजूला तोंड करून उभी राहिली. हात तिने धुतले नाहीत.