कार्बन चोवीस

माझ्या नातीला एका जागी बसवणं म्हणजे पारा चिमटीत धरणं. घरात सगळे तिला भिंगरीच म्हणतात. रसायनशास्त्रात ती तीन गुणांनी नापास झाली, फेरपरीक्षा दहा दिवसांवर आली, तेव्हा माझ्या मुलीनं तिला दप्तरासकट माझ्याकडे आणून सोडलं.

"आई, आता तूच बघ. या वेळीही गेली तर मैत्रिणी वरच्या वर्गात आणि ही पुन्हा त्याच बाकावर."

"आणि तू काय करतेस?"

"मी ओरडते. पण उपयोग होत नाही."

त्याच शाळेत मी बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. ओरडण्यात तिथं माझा हात कुणी धरू शकत नव्हतं.

पहिले चार दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. मी 'मोल' म्हटलं की हिला जांभई. मोल म्हणजे डझनासारखंच मोजायचं एक माप, असं मी नऊ वेळा सांगितलं. दहाव्यांदा ती म्हणाली, "मग सरळ डझनच का नाही घेत?" माझ्या वेळच्या मुली असलं काही विचारत नसत. मनात विचारत असतील, तोंडावर नाही.

पाचव्या दिवशी तिनं वही पुढे केली. शाळेची एक उदाहरणांची पुस्तिका आहे, एकशेवीस उदाहरणं आणि शेवटच्या पानांवर उत्तरं. परीक्षेत यातलीच उदाहरणं येतात, फक्त आकडे बदलून. तिनं सदतिसावं सोडवलं होतं: दहा ग्रॅम चुनखडी पूर्ण तापवली तर किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल? उत्तर, पाच पॉइंट सहा. त्यापुढं स्वतःच केलेली बरोबरची ऐसपैस खूण.

मी वरपासून वाचायला लागले. चुनखडीच्या ओळीत कार्बन बारा. त्याखालच्या, वायूच्या ओळीत कार्बन चोवीस.

"कार्बनचं वजन किती?"

"बारा."

"मग इथं?"

"चोवीस."

"का?"

"तिथं चोवीस घेतलं की उत्तर येतं."

माझं डोकं सणकलं. "अगं, कार्बन म्हणजे काय तुझा फ्रॉक आहे, या ओळीत आखूड आणि त्या ओळीत लांब?"

"आधी बाराच घेतला होता, आजी. पण चार पॉइंट चार आलं आणि मागे पाच पॉइंट सहा दिलंय. मग काय बदललं की जमेल ते शोधत बसले. पाऊण तास गेला माझा! ऑक्सिजन बदलून पाहिला, तो काही ऐकेना."

खोडलेलं खाली दिसत होतं. चार स्वच्छ ओळी, एकही चूक नाही. शंभर ग्रॅम चुनखडी तापवली की चव्वेचाळीस ग्रॅम वायू जातो आणि छप्पन्न ग्रॅम चुना भांड्यात उरतो. म्हणजे दहा ग्रॅमला वायू चार पॉइंट चार. पुस्तिकेत वायूच्या जागी उरलेल्या चुन्याचं वजन दिलं होतं.

"कुठल्या गाढवानं काढलंय हे उत्तर?" असं म्हणत मी मागचं पान उघडलं.

झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. अक्षर पुसट झालेलं, पण वळण ओळखू आलं. ते माझं होतं.

सगळं आठवलं. त्या वर्षी प्रयोगशाळेला रंग देत होते, म्हणून शिक्षकांच्या खोलीत कोंबून बसवलं होतं आम्हाला. रंगाच्या वासानं डोकं धरलेलं असताना तीन दुपारी बसून मी एकशेवीस उत्तरं लिहिली. पुढं बावीस वर्षं तीच पुस्तिका वापरली. पस्तीसपर्यंतची उदाहरणं फळ्यावर सोडवायची, बाकीची मुलांनी घरी. वह्या तपासताना शेवटची ओळ बघायची आणि खूण करून पुढं जायचं. पन्नास वह्या असत. दुसरा इलाजच नव्हता, असं मी तेव्हा म्हणत असे.

आणि तिसऱ्या बाकावरची ती दोन वेण्यांची मुलगी आठवली. चार पॉइंट चार घेऊन आली होती.

"पुन्हा कर," मी म्हणाले.

"बाई, दोनदा केलंय."

"मग तिसऱ्यांदा कर."

दुसऱ्या दिवशी तिनं पाच पॉइंट सहा आणलं आणि मी शाबास म्हटलं. कुठून आणलंस, हे विचारलं नाही. पुढं तिनं विज्ञान सोडलं. त्याच्याशी या उदाहरणाचा संबंध असेलच असं नाही, पण त्या संध्याकाळी मला तो असल्यासारखा वाटत राहिला.

"आजी, परीक्षेत हेच आलं तर काय लिहू?" भिंगरीनं विचारलं. "चार गुणांना आहे."

"बरोबर असेल ते."

"म्हणजे नापास होऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले.

रसायनशास्त्राला आता जे सर आहेत, ते माझेच विद्यार्थी. वर्गात सारखे डुलक्या काढायचे म्हणून मी त्यांना पेंगुळ म्हणत असे. मला बघून ते ताडकन उभे राहिले.

"बाई! नातीसाठी आलात ना? तिच्याकडून पुस्तिका नीट करून घ्या फक्त. तुमचीच तर आहे."

"खडू घे. सदतिसावं कर."

"आत्ता?"

"नाही, पुढच्या वर्षी."

त्यांनी केलं. चार पॉइंट चार. पुस्तिकेत बघितलं, फळा पुसला, पुन्हा केलं. मानेवर घाम आला बिचाऱ्याच्या.

"बाई, मी कुठं तरी चुकतोय."

"पेंगुळ, तुझं बरोबर आहे. पुस्तिकेतलं चुकलंय."

"पण ते तुम्ही काढलंय!"

"म्हणून तर तंगडतोड करत आले."

ते बाकावर बसले. "आठ वर्षं मी पोरांना परत पाठवतोय. पुन्हा करा म्हणून."

"मी बावीस वर्षं पाठवलं. आता पुढचं बोल."

पुढचं सोपं नव्हतं. प्रश्नपत्रिका छापून झाल्या होत्या, आणि पुस्तिकेच्याच उत्तरांवरून काढलेली उत्तरांची यादी मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटात बंद पाकिटात होती. ती बदलायची तर लेखी अर्ज हवा, त्यात चूक कशी झाली तेही लिहायला हवं. पेंगुळनं कागद ओढला आणि माझ्याकडे न बघता लिहिलं, 'छपाईतील दोषामुळे'.

"हातानं लिहिलेल्या पुस्तिकेत छपाई कुठून आली रे?"

"बाई, कशाला उगाच... तुमचं नाव आहे शाळेत."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही ते बरं वाटलं. मग मी कागद घेतला, ती ओळ खोडली आणि 'उत्तर मी चुकीचे लिहिले' असं लिहून खाली सही केली. मुख्याध्यापिकाबाई माझ्यानंतर दहा वर्षांनी नोकरीला लागलेल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमच्याकडून?"

"माझ्याकडून. पाकीट उघडा आता."

फेरपरीक्षेला पाच मुलं होती. भिंगरी बाहेर आली ती उड्या मारतच.

"आलं, आजी! पंचवीस ग्रॅम चुनखडी. मी अकरा लिहिलं. पुढच्याचं चौदा होतं."

"तुला कसं दिसलं?"

"दिसलं."

"मग घाबरली नाहीस?"

"थोडीशी. पण त्याचा कार्बन चोवीस होता ना!"

तीन दिवसांनी पेंगुळचा फोन आला. "बाई, पाचातल्या तिघांनी कार्बन चोवीस केलाय. काय करू?"

"पहिल्या ओळीपासून वाच. जिथपर्यंत बरोबर आहे तिथपर्यंतचे गुण दे."

"सगळं वाचू?"

"सगळं."

पलीकडं सुस्कारा ऐकू आला. "तुमची नात पास आहे. दोन गुण वर." मग म्हणाले, "ते चार नसते तर गेली होती."

मुलीला कळवलं तर ती रडायलाच लागली. त्याच संध्याकाळी, मी जरा पाठ टेकते आहे तोवर भिंगरी पुस्तिका घेऊन हजर.

"आजी, त्र्याण्णवही चुकलंय. अठ्ठावीस ग्रॅम नायट्रोजनपासून अमोनिया सतरा ग्रॅम यायला हवा. तू चौतीस लिहिलायस."

"अगं बाई, परीक्षा झाली ना तुझी?"

"झाली. पण हे चुकलंय."

"समीकरण संतुलित केलंस? नायट्रोजन जोडीनं असतो. एका जोडीतून दोन अमोनिया."

"नक्की?"

"बत्तीस वर्षं शिकवलंय मी!"

"सदतिसावंही शिकवलं होतंस."

मी उठले, चष्मा लावला आणि तिच्या हातून पेन्सिल हिसकावून घेतली. चौतीसच आलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मग मी पान उलटलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा एकदा करून पाहिलं.