चौथ्या युनिटनंतर

लालबागच्या त्या छापखान्यात औषधाच्या बाटल्यांची लेबलं छापली जात. मशीन सहा रंगांचं. प्रत्येक रंगाचं युनिट वेगळं, त्याची मोटर वेगळी. सहाही मोटरी एका तालात फिरल्या तरच रंगावर रंग बरोब्बर बसायचा. शिवाजी पार्कच्या इंजिनिअर सुरुचीने ही नवी यंत्रणा बसवली होती. एकच केबल पहिल्या युनिटातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी सहाव्यापर्यंत गेलेली. पहिल्याच्या घड्याळाची वेळ त्याच वाटेने पुढे जाई आणि बाकीचे पाच त्याला जुळवून घेत.

महिन्याभरात अक्षरांना सावल्या पडू लागल्या. सुरुची दोनदा येऊन गेली. स्क्रीनवर सगळं हिरवं. तिने अहवालात लिहिलं, 'ऑपरेटर कागदाचा ताण नीट ठेवत नाहीत.' ऑपरेटर म्हणजे धोंडूकाका, बावीस वर्षं याच छापखान्यात. मालक अच्युतरावांनी त्यांना पॅकिंगला बसवलं आणि मशीन तरुण ऑपरेटर राहुलकडे दिलं.

आठ दिवसांनी पुन्हा फोन आला. राहुलच्या हातूनही तेच होत होतं.

सुरुची पोचली तेव्हा धोंडूकाका खोक्यांना टेप लावत होते. ती नजर चुकवून पुढे निघाली, तर त्यांनीच हाक मारली.

"मॅडम, वाईच थांबा." त्यांनी खिशातून लेबलांची चळत काढली. "भिंगातून बघा. पहिले चार रंग जागच्या जागी. हलतात ते पाचवा नि सहावा. ताण चुकला असता तर चारच कसे शहाणे राहिले?"

"हे आधी का नाही सांगितलंत, काका?"

"विचारलात कुठे?"

सुरुचीने चौथ्या युनिटचं पॅनेल उघडलं. आत एक छोटी डबी होती, ऑफिसात कॉम्प्युटर जोडतात तसला साधा स्विच. छपाईवर नजर ठेवणारा कॅमेरा जोडायला तिनेच तो मागाहून बसवला होता. कॅमेऱ्याची चित्रं जाऊ लागली की घड्याळाचा निरोप त्या डबीत अडकून राही, कधी कमी, कधी जास्त. डोळ्याला कळू नये इतकाच वेळ, पण रंग हलायला तेवढा पुरे.

तिने डबी काढली, चौथ्यातून पाचव्यात थेट केबल टाकली आणि कॅमेऱ्याला वेगळी वायर दिली. राहुलने तासभर मशीन पळवलं. लेबलं स्वच्छ.

"सुटलं एकदाचं!" अच्युतराव म्हणाले.

अहवालात 'नेटवर्कमध्ये किरकोळ बदल' एवढंच लिहून सुरुचीला निघता आलं असतं. तिने 'नेटवर्कमध्ये' लिहिलंही. मग कागद उलटा ठेवला.

"अच्युतराव, चूक माझी होती. ती डबी मीच तिथे बसवली होती. काकांचा काही दोष नव्हता, आणि आज ती सापडली तीही त्यांच्यामुळेच."

धोंडूकाकांचा टेप मध्येच थांबला. सुरुची त्यांच्यासमोर गेली.

"काका, माझं चुकलं. पहिला अहवाल मी परत घेते, तसं लिहून देते."

"पॅकिंगला बसवल्याचं आठ दिवस घरी बायकोलाही बोललो नाय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

"उद्यापासून मशीनवर या, धोंडूकाका," अच्युतराव म्हणाले.

"येतो. आज ही खोकी संपवतो."

सुरुचीने बॅग भरली, पण पाय निघेना. ती धोंडूकाकांच्या बाजूच्या स्टुलावर बसली. मग त्यांनी एक रिकामा पुठ्ठा आणि पेन तिच्यापुढे सरकवलं.

"ती केबल कुठून कुठे जाते, ता माका काढून दाखवा. मशीन मी चालवणार, तर माका कळूक नको?"

सुरुचीने पुठ्ठ्यावर पहिला चौकोन काढला.