नऊ कोरे उजवे बूट

सासऱ्यांच्या बुटांच्या दुकानासाठी मी आठ दिवस खपून प्रोग्राम लिहिला होता. कौतुकाची अपेक्षा होतीच, खोटं कशाला बोलू? बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्यावरच्या पहिल्याच चौकटीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"क्लास, बाबा. म्हणजे साचा. दुकानातली प्रत्येक वस्तू यातून घडते. नाव जोडी. गुणधर्म माप, रंग, किंमत."

"जोडी ही वस्तू नव्हे. वस्तू बूट. त्याला माप आणि बाजू. जोडी म्हणजे दोन बुटांमधलं नातं, आणि ते तुटतं."

सातवीत शाळा सोडलेल्या माणसाने माझी अख्खी आकृती एका दमात मोडीत काढली. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, एकटा बूट घेतं कोण?"

त्यांनी गल्ल्याखालचा खण ओढला. आत एक कोरा काळा डावा बूट होता.

"पोस्टात नव्या वहिनी बदलून आल्यात, त्यांचा. त्यांना डावा पाय नाही. जोडी घेतली आणि हा टाकून द्या म्हणाल्या. आपल्या गणिताच्या बाईंना उजवा नाही. दोघींचं माप एकच. बाईंना आजवर नऊ जोड्या मीच विकल्या. मागच्या खेपेला म्हणाल्या, पाय गेल्याचं आता काही वाटत नाही, पण घरातले ते कोरे उजवे बूट बघवत नाहीत. सोमवारी त्या येणार. तुझा कॉम्प्युटर त्यांच्या हातात दहावा देणार का?"

मी सगळं पुसलं. दोन दिवसांत नवा क्लास उभा केला, बूट. गुणधर्म बाजू, माप, रंग आणि सोबती. सोबती रिकामा राहिला तरी चालेल, अशी सोय केली. एवढी सरळ आकृती मी नोकरीत कधी काढली नव्हती, आणि ती खरं तर माझी नव्हतीच.

सोमवारी बाई कुबडी टेकत आल्या. बूट छान बसला. मी बिल दिलं. बूट, डावा, नग एक. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"आणि उजवा?"

"त्याला मालकीण मिळाली," बाबा म्हणाले. "पोस्टात असतात."

बाईंनी बिलाची घडी घातली आणि त्या निघून गेल्या. आपण त्यांना दुखावलं, असं मला वाटलं. बाबाही दुपारभर तेच एक कपाट पुसत बसले.

संध्याकाळी बाई परत आल्या. मागे त्यांचा भाचा, दोन्ही हातांत पिशव्या. त्याने गल्ल्यावर नऊ खोकी रचली.

"पोस्टातल्या बाईंना दाखवा. आवडतील ते त्यांचे," त्या म्हणाल्या. "आधी नोंद करून घे, मुली."

मी एकेक नोंदवत गेले. उजवा, कोरा. उजवा, कोरा. बाबा माप वाचून दाखवत होते.

"सोबतीच्या रकान्यात काय लिहू?" मी विचारलं.

"काही नको," बाई म्हणाल्या. "ते सगळे मी चालून चालून झिजवले."