खुर्ची रुसते तेव्हा

स्वतःभोवती नीट फिरणाऱ्या गोष्टी जगात दोनच, एक पृथ्वी आणि दुसरी आपल्या दुकानातली खुर्ची, असं गिरकीमास्तरांचं ठाम मत होतं. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड आवळून झालं की मगच ते हे मत ऐकवत, त्यामुळे कुणाला उठून जाता येत नसे. त्या दिवशी सकाळी पृथ्वी नेहमीप्रमाणे फिरली. खुर्ची फिरली नाही.

मास्तरांनी दोनदा हिसका दिला. खुर्ची एकदाच ‘कुंई’ म्हणाली आणि आरशाकडे तोंड करून गप्प बसली.

दुसऱ्या एखाद्या केस कापणाऱ्याने ते हसण्यावारी नेलं असतं. पण मास्तरांनी विद्या घेतली होती ती मामांकडे, आणि मामांचा दंडक होता, ‘कारागिराने जागा सोडायची नाही. जागा सुटली की हात सुटला.’ त्यामुळे सव्वीस वर्षं मास्तर एकाच फरशीवर उभे होते. फरशीला दोन पावलांच्या आकाराचे गुळगुळीत खळगे पडले होते. मास्तर खळग्यात पाय ठेवत, खुर्चीला गिरकी देत, आणि डावा कान, मान, उजवा कान असं सगळं आपापल्या पाळीने त्यांच्या पुढ्यात हजर होई. गावाने त्यांचं नाव उगाच नव्हतं ठेवलं.

आधी त्यांनी खुर्चीला तेल घातलं. हाताशी डोक्याला लावायचंच तेल होतं. खुर्चीला छान वास आला, बाकी फरक पडला नाही. मग त्यांनी मेहुण्याला बोलावलं. तो पंप दुरुस्त करायचा, आणि पंप दुरुस्त करणाऱ्याला सगळंच येतं असं त्याचं म्हणणं होतं. तो हातोडी घेऊन खुर्चीखाली शिरला.

“दाजी, बेअरिंग गेलं.”

“कुठे गेलं?”

“कामातून गेलं. नवीन यायला आठ दिवस.” एवढं सांगून तो चहा पिऊन गेला.

मास्तरांनी एका पुठ्ठ्यावर ‘दुकान बंद’ असं लिहिलं. ते दारावर टांगणार, तोच दारात पाणीखात्याचे हेडक्लार्क उभे. मास्तरांच्या हातातला पुठ्ठा तसाच राहिला.

कारण हे साधं गिऱ्हाईक नव्हतं. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर हेडक्लार्क त्याच दिवशी निवृत्त होत होते. तीन वाजता निरोप, साडेतीनला फोटो. तो फोटो कचेरीच्या भिंतीवर आधीच्या अकरा हेडक्लार्कांशेजारी कायमचा लागणार होता, आणि पाण्याचं बिल भरायला रांगेत उभ्या राहणाऱ्या गावाला बघायला दुसरं काही नसे. केस वाकडे कापले गेले, तर मास्तरांची अब्रू चौकटीत बसून खिळ्याला लटकणार. आणि कापले नाहीत तर?

“तर मी समोर जातो,” हेडक्लार्क पुठ्ठा वाचून म्हणाले. समोर महिन्यापूर्वी काचेच्या दाराचं नवं दुकान उघडलं होतं. “तिथे खुर्ची बटणावर फिरते म्हणे.”

हेडक्लार्क समोर गेले की उद्या सबंध पाणीखातं समोर जाणार, हे मास्तरांना ठाऊक होतं. पाणीखातं सगळीकडे रांगेनेच जातं.

“समोर कशाला साहेब? आपण स्टूल घेऊ. तुम्हीच जरा जरा फिरा.”

हेडक्लार्क स्टुलावर बसले.

“साहेब, डावीकडे.”

“माझ्या की तुमच्या?”

“साहेब, तुम्ही फिरलात की दोन्ही बदलतात. तुम्ही आपले फिरा.”

हेडक्लार्क फिरले. गळ्याचं कापड त्यांच्याबरोबर फिरलं नाही. गुडघा आरशाखालच्या खणावर आपटला, स्टूल कलंडलं आणि ते भिंतीला धरून उभे राहिले.

“मास्तर, आज मला निवृत्त व्हायचंय. जायबंदी नाही.”

त्यांनी कापड सोडायला हात मानेमागे नेला. तेवढ्यात मागच्या खोलीतून मास्तरांची बायको केरसुणी घेऊन आली.

“काय चाललंय सकाळपासून? तेल काय, हातोडी काय!”

“खुर्ची फिरत नाही,” मास्तर म्हणाले. घरातलं कोणी आजारी असल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता.

“मग तुम्ही फिरा.”

“असं कसं? जागा सुटली की हात सुटला! मामा सांगायचे...”

“अहो, मी घर झाडते तेव्हा घर फिरतं का?”

मामांनी या बाबतीत काहीच सांगून ठेवलं नव्हतं.

हेडक्लार्क चौतीस वर्षांत कचेरीत हसले नव्हते. ते आता हसले, आणि येऊन रुसलेल्या खुर्चीत बसले. “मास्तर, वहिनींचा अर्ज मंजूर. करा सुरू.”

मास्तरांनी डावा पाय खळग्यातून काढला. गार पाण्यात सोडावा तसा तो पलीकडच्या फरशीवर टेकवला. काही झालं नाही. मग उजवा. कात्री चालतच होती, तिने या स्थलांतराची दखलसुद्धा घेतली नाही. मास्तर मानेमागे आले, उजव्या कानाशी आले, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आरशाकडे पाठ करून गिऱ्हाइकासमोर उभे राहिले.

तिथून दोन गोष्टी दिसल्या. एक, भिंतीवरचं कॅलेंडर चार वर्षांपूर्वीचं होतं. दुसरी, साहेबांचे दोन कल्ले दोन वेगळ्या माणसांचे होते. डावा बोटभर खाली, उजवा कानाच्या वर. एका वेळी एकच बाजू पुढ्यात घेणाऱ्याला हे कळणार कसं? मास्तरांनी चेहऱ्यावर काही न दाखवता कल्ले सारखे केले आणि शीळ घालत आणखी एक फेरी मारली. तिची गरज नव्हती, पण मजा वाटत होती.

हेडक्लार्क आरशात बराच वेळ बघत राहिले. “आज काहीतरी वेगळं आहे. तोंड सरळ झाल्यासारखं वाटतंय.”

“निवृत्तीचं तेज आहे साहेब,” मास्तर पापणी न लवता म्हणाले.

“फोटोत येईल ना?”

“येणार म्हणजे? बाकीचे अकरा वाकडे दिसतील.”

“मग पुढच्या महिन्यात येतो. तोवर खुर्ची दुरुस्त नाही केलीत तरी चालेल.” हेडक्लार्क कॉलर झटकत निरोपाला गेले. समोरच्या काचेच्या दाराकडे त्यांनी मान वळवूनही बघितलं नाही.

मास्तरांनी ‘दुकान बंद’चा पुठ्ठा उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूने चेहऱ्याला वारा घेतला आणि सवयीने पुन्हा आपल्या खळग्यांत जाऊन उभे राहिले.

“बघ,” ते बायकोला म्हणाले, “माणसाने एका जागी चिकटून राहू नये. खुर्ची फिरेना तर आपण फिरावं, वाट अडली तर पाऊल बदलावं. अख्खं आयुष्य त्यावर चालतं. मी तर म्हणतो...”

“हो, हो,” बायको केरसुणी घेऊन वाकली. “जरा पाय उचला. खाली केस राहिलेत.”