लाइटमनच्या घरचा उजेड

"हे परत देऊन ये," खंडू खिल्लारे म्हणाला.

चैतन्यने खोक्याची चिकटपट्टी अजून अर्धीच सोडवली होती. आत थर्माकोलमध्ये हातभर लांबीचा, चपटा, काळा दिवा होता आणि त्याच्या पोटाला शे-दीडशे बारीक एलईडी बसवलेले होते. रविवारची झोप मोडून पोराने तो कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारातून आणला होता, आणि बाप खोक्याकडे बघायलाही तयार नव्हता.

"पप्पा, हा तापत नाही. एकदा लावून तर बघा. नाही जमलं तर काढू ना."

"आपल्याला एलईडी नको. किती वेळा सांगायचं?"

खंडूची बायको संघमित्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. एप्रिल संपत आला होता. दिंडोशीच्या वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांत पंखा नुसती गरम हवा ढवळत होता आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून ती चार फुटी काचेची टाकी होती. टाकीत खारं पाणी, पाण्यात दगड, दगडांवर जिवंत प्रवाळ आणि त्यांच्यामधून फिरणारे दोन केशरी मासे. वर टांगलेला मोठा, जुन्या पद्धतीचा हॅलाइड दिवा सकाळी दहाला पेटला की संध्याकाळपर्यंत तापत राही. पाणी गरम होऊ नये म्हणून त्याच्यावर टेबलफॅन रोखलेला असे आणि पाण्यात बर्फाची बाटली तरंगत असे. फ्रीजरमध्ये या बाटल्यांशिवाय कशालाच जागा नव्हती. उन्हाळ्यात त्या घरात माशांना बर्फ मिळे, माणसांना माठातलं पाणी. पाणी थंड करायचं मशिन मिळतं, पण ते सगळी गरमी खोलीत फेकतं. मग माणसांनी जिन्यात जाऊन झोपायचं का, असं संघमित्राने विचारलं होतं आणि तो विषय तिथेच संपला होता.

चैतन्यने खोका कपाटावर ढकलला आणि अंघोळीला निघून गेला.

ही टाकी मुळात खिल्लाऱ्यांची नव्हती. ती एका कोट्यधीश कुटुंबाची होती, आणि ते कुटुंब खोटं होतं. गोरेगावच्या स्टुडिओत एका मालिकेचा सेट होता. त्यातल्या दिवाणखान्यात सोफ्यामागे ही टाकी ठेवलेली. दिग्दर्शकाला सगळं खरं हवं होतं, म्हणून प्रवाळही खरे, परदेशातून आलेले. त्या टाकीसमोर चार वर्षं सासवांनी कट केले, सुना रडल्या, मेलेली माणसं परत आली. खंडू तिथे लाइटमन होता. टाकीवर दिवा लावायचं काम त्याच्याकडे आलं आणि त्यातच तो अडकला. प्रवाळ उजेडावर जगतो हे त्याला तिथे कळलं. ज्याच्यावर उजेड टाकला की ते खरोखर वाढतं, असं काहीतरी त्याला नोकरीत पहिल्यांदाच मिळालं होतं.

मग एका शुक्रवारी मालिका बंद झाली. सोमवारी सुतार सेट तोडायला आले. सोफा, झुंबर, कुठेच न जाणारा जिना, सगळ्याची सोय ठरलेली होती. टाकीतल्या जिवांचं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. खंडूने विचारलं, मी नेऊ का? ने, म्हणाले. पिंपात समुद्राचं पाणी, बादल्यांत प्रवाळ आणि टेम्पोत टाकी घेऊन तो घरी आला, तेव्हा संघमित्रा दारातच म्हणाली होती की सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासली असती.

त्याला चौदा वर्षं झाली. प्रवाळांना त्याने मालिकेतल्या माणसांची नावं दिली होती. फांद्याफांद्यांची, जांभळ्या टोकांची ती थोरली सून. गोल, गुबगुबीत तो वकीलसाहेब. आणि फक्त खायला टाकलं की तोंड उघडणारी ती आत्याबाई. शेजारीपाजारी हसत, पण नावं त्यांनाही पाठ झाली होती.

एलईडीवर खंडूचा राग आहे, हे अख्ख्या वसाहतीला ठाऊक होतं. सेटवर एलईडीचे पत्र्यासारखे चपटे दिवे आले आणि सहा माणसांचं काम दोघांवर आलं. फोनवर बोट फिरवलं की रंग बदलायला लागले. सत्तावन्नाव्या वर्षी खंडू घरी बसला. त्यामुळे म्हातारा हट्टाला पेटलाय, असंच सगळे धरून चालत. चैतन्यही आईला तेच म्हणे, "इगो आहे गं पप्पांचा, दुसरं काही नाही." खंडूने तसा समज राहू दिला होता, कारण खरी गोष्ट सांगण्यापेक्षा हट्टी म्हणवून घेणं सोपं होतं.

खरी गोष्ट अशी की त्याला दिसेनासं झालं होतं. शुगरने डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लेझर मारलं आणि स्पष्ट सांगितलं की आहे तेवढं टिकेल, गेलेलं येणार नाही. नजर तपासायला रंगांच्या टिकल्या वेगवेगळ्या ओळींत लावायला दिल्या तेव्हा त्याने निळ्या आणि काळ्या एकाच ओळीत लावल्या. शुगरमध्ये बऱ्याच जणांचा निळा आधी जातो, त्या म्हणाल्या. घरी येऊन खंडूने सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

पण त्या जुन्या दिव्याखाली त्याला दिसत होतं. एकच तापलेला, प्रखर दिवा; त्याचा उजेड हलत्या पाण्यात मोडून चकाकत्या रेषांचं जाळं वाळूवरून, दगडांवरून पळत सुटे. बाकी सगळं जग पुसट झालं असलं तरी ते पळतं जाळं त्याला पकडता येई. ते जिथे अडे तिथे थोरली सून, जिथे वळसा घेई तिथे वकीलसाहेब, आणि मध्येच जे हले ते मासे. रोज दुपारी तीन तास तो स्टुलावर बसून हे बघे. उरलेल्या दिवसात बघण्यासारखं त्याला फारसं काही राहिलं नव्हतं.

आणि एलईडीखाली काय होतं तेही तो बघून आला होता. मागच्या वर्षी कुर्ल्याच्या एका दुकानात निळ्या एलईडीखाली अशीच टाकी होती. माणसं वा वा करत होती, पोरं काचेला चिकटली होती. खंडूला काळपट भिंतीपलीकडे काही दिसलं नाही. "झकास आहे," असं म्हणून तो बाहेर पडला होता.

गुरुवारी संघमित्राची सुट्टी होती. पालिकेच्या प्रसूतिगृहात ती तीस वर्षं आया होती. नुकतं जन्मलेलं पोर पिवळं पडतंय की निळं, हे नर्सच्या आधी तिला कळे. त्या दिवशी टाकीची काच पुसताना तिचा हात थांबला.

"अहो, तुमची थोरली सून वरून पांढरी पडलीय."

खंडू स्टुलावरच होता. "कुठे?"

"कुठे म्हणजे? समोर. माझ्या पंजाएवढं पांढरं झालंय."

तो पुढे झाला, काचेला नाक लागेपर्यंत वाकला. "हां, आहे थोडंसं. उन्हाळ्यात पाणी तापलं की होतं असं."

"कुठल्या बाजूला आहे, दाखवा बरं."

खंडूने जरा वेळ घेतला आणि डावीकडे बोट ठेवलं. पांढरं उजवीकडे होतं.

संघमित्राने फडकं बादलीत टाकलं. आरडाओरडा करायची तिची पद्धत नव्हती. ती जमिनीवरच त्याच्या पायांपाशी बसली आणि तिने विचारलं, कधीपासून? दोन वर्षं, तो म्हणाला. मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. डॉक्टरीणबाई, टिकल्या, कुर्ल्याचं दुकान. तिला राग आला, रडूही आलं, आणि दोन्ही आवरून तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वकीलसाहेब कसा आहे?" खंडूने विचारलं.

"कडेने उतरलाय रंग त्याचा."

खंडूला शरमेने मान वर करवेना. रोज तीन-तीन तास तो या जिवांसमोर बसला होता आणि ते त्याच्या डोळ्यांदेखत भाजत होते. दिवा त्यांच्यासाठी आहे असं तो सगळ्यांना सांगत आला, आणि ते खरं नव्हतं.

"चैतन्यला सांगतो, तो दिवा लावू दे," तो म्हणाला.

आणि जिने चौदा वर्षं त्या टाकीला सवत म्हटलं, ती संघमित्रा उसळली. "काही गरज नाही. दगड आहेत ते. मेले तर मेले. तुम्हाला दिसतंय तेवढं दिसू दे. जुने दोन दिवे अजून कपाटात गुंडाळून ठेवलेत, ते संपेपर्यंत तर बघा."

"दगड नाहीत ते, मित्रा."

"मग नसू देत. मला तुमचं पडलंय."

खंडूने काचेवर तळहात ठेवला. मग म्हणाला, "सेटवर लाइटमन स्वतःला दिसावं म्हणून लाइट लावतो का गं? ज्याच्यावर पडायचा, त्याच्यासाठी लावतो. आपण मागे अंधारातच असतो. मी ते विसरलो होतो."

उठून तिने टाकीत बर्फाची नवी बाटली सोडली.

रविवारी चैतन्यने नवा दिवा टांगला. आईने त्याला आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. तो उगाच स्क्रू घट्ट करत राहिला. शेवटी फोन हातात घेऊन म्हणाला, "पप्पा, यात पांढरा वाढवता येतो. पिवळटही करता येतो. जुन्यासारखं नाही होणार, पण तुम्हाला जरा तरी..."

"पांढरा वाढवला की शेवाळ माजतं. त्यांना लागतो तेवढाच ठेव."

"बरं. मग फुल करू?"

"फुल?" खंडू पहिल्यांदा हसला. "एका दिवसात नुसत्या उजेडाने भाजून काढशील त्यांना. थांब."

तो आत गेला आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून चाचपत एक गुंडाळी घेऊन आला. बटर पेपर. सेटवर दिव्याचा कडकपणा मारायला लाइटमन तो दिव्यासमोर लावतात. हिरोइनच्या चेहऱ्यावरची सुरकुती दिसू नये म्हणून खंडूने आयुष्यात असे मैलभर कागद लावले असतील. फोनवर टक्के खाली आणता येतात, असं चैतन्य सांगायला गेला, पण बापाचे हात कागदावर चाललेले बघून त्याने नुसती कात्री पुढे केली. खंडूने चार कागद कापले, बोटांनीच माप घेऊन. एकावर एक ठेवले आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी नव्या दिव्याखाली लावले. दर आठवड्याला एक काढायचा, तो म्हणाला. त्यांना सवय होऊ दे.

पहिल्या दिवसापासूनच त्याला काही दिसलं नाही. जाळंही नव्हतं, उजेड सगळीकडून सारखा येत होता. तरी दुपारी तो स्टुलावर बसत असे. संघमित्रा कामावरून आली की कपडे न बदलता आधी टाकीपाशी जाई आणि प्रसूतिगृहात पाळण्यांवर फिरवावी तशी नजर फिरवे. पाणी किती थंड आहे ते वाचून सांगे. पांढरं वाढलंय की तेवढंच आहे, ते सांगे. खोटं सांगायचं नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि तिने ते पाळलं. दुसऱ्या आठवड्यात थोरल्या सुनेची एक फांदी मेली, तेही तिने त्याला सांगितलं. फांदी किती मोठी, एवढंच त्याने विचारलं, आणि त्या रात्री तो नीट जेवला नाही.

तिसऱ्या आठवड्यात वकीलसाहेबाच्या कडेला पुन्हा तपकिरी आलं. टेबलफॅन माळ्यावर गेला. फ्रीजरमध्ये जागा झाली. चाळीतल्यासारखी दारं उघडी असणाऱ्या त्या मजल्यावर शेजारची ऋतिका पोराला भरवायला टाकीसमोर घेऊन येऊ लागली, कारण तो निळा उजेड बघत पोर गुपचूप खाई. काका, काय भारी दिसतंय, ती म्हणायची. हो ना, खंडू म्हणायचा, आणि त्यात आता काही लपवायचं नसल्यामुळे त्याला ते जड जात नसे.

चौथा कागद खंडूने संघमित्राच्या सुट्टीसाठी रविवारवरून गुरुवारवर ढकलला होता. संघमित्रा घरी होती, टाकीशेजारी मेथी निवडत बसली होती. बाहेर ढगाळ होतं, तरी खिडकीतून दुपारचा पांढरा उजेड येत होता. खंडूने चाचपत चिमटे काढले, कागद ओढून घेतला, घडी करून मांडीवर ठेवला. मग त्याने नव्या दिव्याखाली तळहात धरला. जुन्याखाली हात धरला की चटका बसे. चाळीस वर्षं त्याने दिव्याची ताकद तळहातावरच जोखली होती. त्याने हात थोडा वर नेला, थोडा बाजूला नेला. हाताला काहीच लागलं नाही.

"मित्रा," तो म्हणाला, "लाइट चालू आहे ना?"

संघमित्राने मान वर केली. त्याचा हात मनगटापर्यंत निळा झाला होता.

"चालू आहे," ती म्हणाली. "थोरली सून, वकीलसाहेब, सगळे उघडलेत."

खंडूने मान हलवली आणि हात तसाच उजेडात धरून ठेवला.